आग अलीकडे की पलीकडे?

मार्चचा पहिला आठवडा, रात्रीचे साडेनऊ. संध्याकाळी काढायचे राहिलेले पापड आणायला बायको गच्चीवर गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. वर जाऊन पाहिलं तर समोरच्या डोंगराच्या मधोमध आगीची वाकडीतिकडी माळ लागलेली. नवी मुंबईतल्या घणसोलीत राहणाऱ्याला हे दृश्य नवीन नाही. होळीच्या आगेमागे डोंगर दरवर्षी पेटतो. पण त्या रात्री वारा होता आणि माळ भराभर वर सरकत होती, म्हणून फोन लावला.

पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "कुठे लागलीय?"

"गवळीदेवाच्या वरच्या अंगाला."

"म्हणजे कंपन्यांच्या कंपाउंडच्या अलीकडे की पलीकडे?"

पलीकडे, म्हटलं. मग ते आमच्याकडे येत नाही, असं सांगून त्याने दुसरा नंबर दिला. दुसऱ्या नंबरावर विचारणा झाली की आग झाडांना लागली आहे की नुसत्या गवताला, आणि जागा नक्की कुणाची. जागा कुणाची हे मला गच्चीवरून कसं दिसणार? तोवर माळ कड्याशी पोहोचली होती. वर कातळ आहे, तिथे ती आपोआप विझली. तिला कुणी विझवलं नाही, हे सांगायला नकोच. फोनवरच्या दोघांना मी दोष देत नाही. दोघांनी त्यांच्या त्यांच्या नकाशाप्रमाणे उत्तर दिलं. माझी तक्रार त्या नकाशाबद्दलच आहे.

हा डोंगर म्हणजे पारसिक. हे नाव त्याच्या उत्तर टोकाचं, कळवा-मुंब्र्याकडचं. मुंब्र्यातला माणूस त्याला देवीचा डोंगर म्हणतो, कारण वर मुंब्रादेवी आहे. रबाळ्याला तो सुलाईदेवीचा, घणसोलीत गवळीदेवाचा, आणि थेट दक्षिणेला गेलं की 'खारघर हिल'. मुंब्र्याच्या रेतीबंदराशी खाडीतून वर उठून कळवा, दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे यांच्या पाठीमागून पंधरा-वीस किलोमीटर दक्षिणेला बेलापूर-खारघरपर्यंत हीच रांग जाते. महाप्याहून शिळफाट्याला जाणारा रस्ता तिला एका खिंडीत ओलांडतो, तेवढीच काय ती सोपी वाट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरांवर थर साचून हा कातळ झाला आणि पुढे तो सगळा पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला कलला. भूशास्त्रज्ञ या कलण्याला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. डोंगर चढताना पायाखालचे थर तिरपे दिसतात ते त्यामुळे.

डोंगराची धार ही हद्द ठरवायला जगातली सर्वांत सोयीची गोष्ट. मोजणीदाराला खांब रोवावे लागत नाहीत. पाणी इकडे वाहिलं तर तुमचं, तिकडे वाहिलं तर आमचं. गावांच्या शिवा तशाच पडल्या, त्यावर तालुके बसले, पुढे जिल्हे आणि महापालिका. आज उत्तरेकडचा उतार ठाणे महापालिकेत, पश्चिमेकडचा नवी मुंबईत, खारघरची बाजू पनवेल महापालिकेत आणि तीही रायगड जिल्ह्यात. म्हणजे जिल्हाधिकारी दोन. शिवाय काही जमीन वनखात्याची, काही सिडकोची, पायथ्याची पट्टी एमआयडीसीची, बोगद्याच्या तोंडाशी रेल्वे. एकत्र कुटुंबातल्या सामाईक अंगणासारखी गत. प्रत्येकाच्या खोलीचं दार तिकडे उघडतं, आणि झाडायची वेळ आली की प्रत्येकाला वाटतं आज दुसऱ्याची पाळी.

नकाशावर मात्र सगळं छान आहे. 1979 मध्ये मंजूर झालेल्या सिडकोच्या आराखड्यात डोंगराचा भाग 'रीजनल पार्क झोन' म्हणून हिरवा रंगवलेला होता. हिरवा रंग दिला की काम झालं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. त्याच हिरव्या रंगाच्या पोटात दगडखाणी चालल्या. नवी मुंबईच्या कितीतरी इमारती, रस्ते, पूल याच डोंगराच्या खडीने उभे राहिले. ज्यांची भातशेती आणि मिठागरं शहरासाठी गेली, त्या प्रकल्पग्रस्तांपैकी काहींना खाणी मिळाल्या. सुरुंग लावायला आणि डबर फोडायला वडार, बंजारा कुटुंबं आली, क्रशरच्या धुळीत त्यांची पोरं वाढली. त्यामुळे 'डोंगर पोखरणारे' म्हणून कुणा एकाकडे बोट दाखवणं मला जमत नाही. मी ज्या घरात बसून हे लिहितोय त्या घराच्या स्लॅबमध्येही हाच डोंगर असण्याची दाट शक्यता आहे. आणि माझ्या बिल्डरने 'हिल व्ह्यू' म्हणून वरचे पैसे घेतले ते वेगळेच. डोंगर पाहण्याचा दर आहे, राखण्याचा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, पाण्याची. नवी मुंबईचा बराच भाग खाडीच्या भरतीरेषेला लागून, सखल जमिनीवर भर घालून उभा आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला खाडीत जायला जागाच नसते. यावर उपाय म्हणून सिडकोने नाल्यांच्या तोंडाशी धारण तलाव बांधले. सगळे त्यांना होल्डिंग पाँड म्हणतात, मीही तेच म्हणतो. भरती चढली की त्यांची झडपेची दारं मिटतात, डोंगराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की दारं उघडून बाहेर पडतं. साधी, पण शहाणी रचना. मुंबईत पाणी तुंबलेलं असताना इथे वर्षानुवर्षं तुंबत नव्हतं, त्याचं मोठं श्रेय या तलावांना आहे.

मात्र तलाव रिकामा असेल तरच त्यात पाणी मावणार. डोंगरावरून पाण्याबरोबर काय येतं हे पाहायचं तर जुलैत एखाद्या भरतीच्या दुपारी नाल्याच्या पुलावर उभं राहावं. गेल्या पावसाळ्यात मी उभा होतो. शेजारी घणसोली गावातले एक आगरी काका, सत्तरीपुढचे, छत्री काखेत आणि भिजत. लालसर तपकिरी पाणी आलं तर ती उघड्या उताराची माती. थोड्या वेळाने पाण्यात राखाडी पट्टा मिसळू लागला, आधी बारीक, मग नाल्याच्या अर्ध्या रुंदीचा, दूध फाटल्यासारखा. काका म्हणाले, "पानी पांढरा आयला, मंजे वरती दगडाचा काम चालू हाय." ही दगडाची भुकटी. माती निदान सावकाश बसते आणि तिच्यात काही उगवतं तरी. भुकटी तळाशी सिमेंटसारखी थर धरते. दहा वर्षं अशी भुकटी आणि माती येत राहिली की तलाव उथळ होतो. उथळ झाला की त्यात खारफुटी रुजते. खारफुटी रुजली की तो तलाव उपसताही येत नाही, कारण तिला कायद्याचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात खारफुटी तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचंच उल्लंघन आहे, असं म्हटलं. निकाल योग्यच आहे. पण त्यामुळे महापालिकेला गाळ काढायलाही न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो, आणि तोवर सखल सेक्टरमधल्या तळमजल्यावरच्या लोकांनी गाद्या माळ्यावर टाकायच्या.

वर खाणपट्टा देणारा एक, धूळ मोजणारा दुसरा, नाला तिसऱ्याचा, खारफुटीवर लक्ष ठेवणारा चौथा, आणि खाडी पाचव्याची. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत नियम पाळलेत असं धरून चाललो तरी तलाव भरायचा तो भरतोच, कारण गाळाला हद्द कळत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की पारसिकचा प्रश्न झाडांचा नाही, आधी नकाशाचा आहे. धारेपासून होल्डिंग पाँडपर्यंतचा उतार एका कागदावर कुणाकडेच नाही. जे काम करायचं ते प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरतं करतो. जूनमध्ये मंत्र्यांच्या हस्ते रोपं लागतात, मार्चमध्ये ती जळतात, पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं. खड्डे तरी टिकाऊ म्हणायचे.

गंमत अशी, की या पाण्याचं खालचं टोक आता जागतिक नकाशावर आहे. ठाणे खाडीचा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. खाडीच्या चिखलावर फ्लेमिंगो जगतात, तो चिखल किती जाड आणि कसला असेल हे डोंगरावर काय चाललंय त्यावरही ठरतं. पायाला मलमपट्टी आणि डोक्यावरची जखम उघडी, असा हा प्रकार. खाडीसाठी पाट्या, बोटसफारी, पक्षिनिरीक्षकांच्या झुंडी. डोंगरासाठी पावसाळ्यात 'धबधब्यावर जाण्यास सक्त मनाई' एवढाच एक फलक. पांडवकडा, गवळीदेव, दोन्हीकडे तोच.

डोंगर मधे आला की माणसांचं कसं होतं हे पाहायचं तर पलीकडची चौदा गावं पाहावीत. दहिसर, पिंपरी, नावाळी, भंडार्ली, उत्तरशीव वगैरे. नवी मुंबई महापालिका झाली तेव्हा ही गावं तिच्यात होती. नंतर गावकऱ्यांनीच आंदोलन करून बाहेर पडून घेतलं. पुढे सोयी मिळेनात म्हणून पुन्हा आत घ्या ही मागणी, आणि 2024 मध्ये शासनाने ती पुन्हा नवी मुंबईला जोडली. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा होता: मधे डोंगर आहे, तिकडे पाणी आणि कचरागाड्या न्यायच्या कशा? भूगोल म्हणून मुद्दा खराच आहे. पण मला त्याची दुसरी बाजू दिसते. ही गावं आत आल्यामुळे शिळफाट्याच्या आसपासच्या डोंगराचे दोन्ही उतार पुन्हा एका महापालिकेच्या जबाबदारीत आले. त्याकडे कुणी या नजरेने पाहिलं का? चर्चा झाली ती सगळी खर्चाची आणि प्रभागांची.

आणि बोगदे. पारसिकला बोगदे नवे नाहीत. ठाण्याहून कल्याणला 1854 मध्ये गाडी गेली ती डोंगराला वळसा घालून, मुंब्र्याच्या बाजूने. 1916 मध्ये सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा झाला आणि वळसा वाचला. डोंबिवलीत वाढलेल्या माझ्या पिढीला फास्ट लोकलमधला तो अंधार पाठ आहे: कानात दडा बसायचा, कुणीतरी शिट्टी मारायचं, आणि बाहेर आलं की ठाणे जवळ आल्याचा सुस्कारा. फेब्रुवारी 2022 मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून फास्ट लोकल मुंब्र्याकडून जाते, बोगद्यातून मेल-एक्स्प्रेस जातात. बोगद्याच्या डोक्यावर आणि तोंडाशी मात्र वस्ती चढत गेली आहे. वरून घरांचं सांडपाणी झिरपतं, खाली रूळ. वस्ती एकाची, बोगदा दुसऱ्याचा.

आता ऐरोली-काटई रस्त्यासाठी याच डोंगरात साधारण 1.7 किलोमीटरचा बोगदा खणला गेला. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा भुयारी टप्पा, त्यातले 7 किलोमीटर खाडीखालून, मग घणसोलीजवळून पारसिकच्या पोटात, एका ठिकाणी माथ्यापासून तब्बल 114 मीटर खोल. सिडकोच्या खारघर-तुर्भे जोडरस्त्यातही बोगदा आहे. बोगद्यांना माझा विरोध नाही, उलट डोंगर कापून घाट करण्यापेक्षा बोगदा परवडला. मुंब्रा बायपास डोंगर कापून केला, आणि तिथे पावसाळ्यात दगड येतात हे रोज जाणाऱ्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. माझा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक बोगद्याचा पर्यावरणाचा अभ्यास वेगळा, त्याच्यापुरता. एकाच डोंगराला इतकी भोकं पडतात तेव्हा त्यांचा एकत्र हिशोब कुणी केला? झरे कुठे आटले, सुरुंगांनी वरचे सैल दगड किती हलले, निघालेला राडारोडा कुठल्या नाल्याच्या काठावर पडला? डोंगर एक आहे हेच कागदावर नसेल तर हिशोब एकत्र होणार कसा?

दरडींच्या याद्याही तशाच. जिल्हा प्रशासन दरडप्रवण जागांची यादी ठेवतं आणि यादी जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ता राहिली. ते ठिकाण दरडप्रवण यादीत नव्हतं. पारसिकच्या कुशीत दिघा, कळवा, मुंब्रा इथल्या उतारांवर झोपडपट्ट्या आहेत. तिथे पावसाळ्यापूर्वी नोटिसा लागतात, म्हणजे जबाबदारी कागदावरून घराच्या दारावर चिकटवली जाते. त्या माणसांनी जायचं कुठे, हे नोटिशीत लिहिलेलं नसतं.

इथे लोक मला विचारतात, मग काय, अजून एक प्राधिकरण? नको. प्राधिकरणं आपल्याकडे पोत्याने आहेत. राष्ट्रीय उद्यान? तेही नको. खाडीपलीकडे बोरिवलीचं उद्यान आहे, साधारण 104 चौरस किलोमीटर, मुंबई उपनगर आणि ठाणे अशा जिल्ह्यांत पसरलेलं, तीन-तीन महापालिकांना खेटलेलं. हद्दी ओलांडूनही एका डोंगराचा एक नकाशा असू शकतो, याचा तो धडधडीत पुरावा आहे. पण तिथल्या आदिवासी पाड्यांनी त्या नकाशाची किंमतही मोजली आहे. पारसिकवर आणि खारघरच्या पठारावर ठाकूर वाड्या आहेत. पहिला पाऊस पडला की डोंगराकडच्या बाया शेवळं ही रानभाजी घेऊन खाली बाजारात येतात, सोबत घशाची खाज मारायला काकडं. पाच-सहा दांड्यांची जुडी, केळीच्या सोपटाने बांधलेली. मागच्या जूनमध्ये एकीला विचारलं, कुठल्या बाजूने आणली? ती हसली. शेवळं जिथे उगवतात तिथून. तिला डोंगराबाहेर काढणारी कुठलीही योजना मला नको.

वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' हा प्रकार आला. शासकीय जमिनीवर होतो, लोकांचे हक्क शाबूत राहतात, आणि व्यवस्थापन समितीत गावाचे प्रतिनिधी असावे लागतात. नाशिकजवळ बोरगडला तो 2008 मध्ये झाला, सह्याद्रीत पुढे अनेक झाले. समिती सल्ला देते, तिच्या हातात दंडुका नसतो, हे खरं. सिडको-एमआयडीसीच्या जमिनी आत घेताना खळखळ होईल, आणि खासगी तुकडे बाहेरच राहतील, हेही खरं. तरीही मला तो हवा आहे, कारण त्याची पहिली अट हद्द आखून अधिसूचित करणं ही आहे. मुंब्र्यापासून खारघरपर्यंतची धार एकदा एका अधिसूचनेत आली की वणवा, दरड, गाळ आणि बोगदा या चार फायली एका टेबलावर ठेवायला जागा होते. शिवाय एक जुनी गोष्ट सोडवता येईल. दिघ्याला इलठणपाड्यावर रेल्वेचं ब्रिटिशकालीन धरण आहे, वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं. वाफेची इंजिनं गेली, पाणी तिथेच आहे. मालक एक, गरजू दुसरा, आणि वर्षानुवर्षं पत्रव्यवहार.

गाळाचं म्हणाल तर तोडगा अवघड नाही. वर खणणाऱ्याच्या रॉयल्टीतला ठरलेला वाटा खालच्या होल्डिंग पाँडच्या गाळासाठी बांधून द्यावा. आज ते पैसे एका खिशात जातात आणि गाळ दुसऱ्याच्या अंगणात. बोगद्याच्या ठेकेदारालाही हेच लागू करावं. यावर 'विकास महाग होईल' असं कुणी म्हणालं तर त्यांना सखल सेक्टरमधल्या एखाद्या तळमजल्यावर जुलैची एक रात्र काढायला बोलवावं, चहा माझ्याकडून.

आणि वणव्याचं त्याहून सोपं. डोंगरावर जाळरेषा काढावी लागते. गवत पुरतं वाळायच्या आत, डिसेंबर-जानेवारीत, दहा-पंधरा फूट रुंदीचा पट्टा कापून किंवा नियंत्रणात जाळून मोकळा ठेवायचा, म्हणजे खालची आग तिथे येऊन थांबते. वाडीतल्या लोकांना हे काम येतं, रोजगारही हवा असतो. काका म्हणतात, पूर्वी गुरं चरायची म्हणून गवत इतकं वाढायचंच नाही. गेल्या डिसेंबरात मी गवळीदेवाच्या वर चढलो तेव्हा शंभर पावलांत हद्दीचे तीन निरनिराळे दगड मोजले. एकावर चुना, एकावर पुसट झालेला आकडा, तिसरा अर्धा गाडलेला. तिघांच्याही मधे छातीएवढं गवत होतं, कापलेलं कुठेच नव्हतं.